कपटी आत्या संपली, आता पुढं काय? मालिकेनंतर छापातून बाहेर पडायची वाट

हे मी त्या मुलामुलींसाठी लिहितेय ज्यांची पहिली मालिका नुकतीच संपलीय किंवा संपायला आलीय, आणि जे गोव्यातले आहेत, म्हणजे ठाण्यातली भाड्याची खोली ठेवायची की सामान बांधून घरी परत यायचं हा प्रश्न ज्यांच्यासमोर आत्ता उभा आहे. मी साडेतीन वर्षं एका मराठी डेली सोपमध्ये कपटी आत्या केली. मालिका चांगली चालली, लोकांनी मला मनापासून शिव्या दिल्या, म्हणजे काम पोचलं. मग मालिका संपली आणि पुढच्या चौदा महिन्यांत मला पाच रोल विचारले गेले, पाचही घर फोडणाऱ्या बाईचे. त्या चौदा महिन्यांत मी काय चुकीचं केलं आणि शेवटी कशानं सुटले ते क्रमानं सांगते. तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता.

मालिका चालू असतानाच करायची कामं

मालिका बंद होणार हे कलाकाराला बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी कळतं, पण खुणा आधीपासून दिसत असतात. रात्री आठची मालिका दुपारी किंवा रात्री अकराला ढकलली, अचानक लीप घेऊन कथा सात वर्षं पुढं नेली, लेखक बदलला, नवीन कपडे यायचे थांबले, दर गुरुवारी टीआरपी आला की क्रिएटिव्हची माणसं कोपऱ्यात जाऊन बोलायला लागली, आणि तुमच्याच वेळेवर दुसऱ्या मालिकेचा प्रोमो दिसला, तर समजून जा. ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला, बाजूला घेऊन सरळ विचारा. चांगला माणूस असेल तर नक्की तारीख नाही सांगणार पण अंदाज देतो.

पहिलं काम म्हणजे आपले सीन जमवा. ॲपवर सगळं कायम राहील असं धरून चालू नका, मालिका काढून टाकतात, हक्क बदलतात, मग तुमची तीन वर्षं तुम्हालाच दाखवता येत नाहीत. आणि कुठले सीन जमवायचे हे जास्त महत्त्वाचं. मी फक्त गाजलेले ठेवले, सुनेच्या हातातून चाव्या हिसकावून घेतलेला, गणपतीत सगळ्यांसमोर केलेला तमाशा वगैरे. चूक. ज्याला तुम्ही वेगळ्या रोलसाठी क्लिप पाठवणार त्याला तुमचं ओरडणं माहीतच आहे. मला ठेवायला हवा होता तो सीन, जिथे आत्या एकटी भावाच्या फोटोसमोर बसते, दीड मिनिटाचा, त्यात डायलॉग नव्हताच. तो मला नंतर कुठेच सापडला नाही. म्हणून तुम्ही असे शांत सीन शोधा, दुसऱ्याचं ऐकतानाचे, हसतानाचे, चुकून कॉमेडी झालेले. तीन वर्षांत असे दहा तरी सापडतात.

दुसरं, ॲग्रीमेंट पुन्हा वाचा. सही करताना आपण वाचत नाही, मीपण नव्हतं वाचलं. एक्सक्लुझिव्ह कधीपर्यंत आहे, मालिका संपल्यावर किती दिवस दुसऱ्या चॅनलवर जाता येत नाही, हे बघा, आणि शेवटच्या दिवशी तुम्ही मोकळे आहात असं ईमेलवर लेखी मागा. तोंडी सांगितलेलं उपयोगाचं नाही.

तिसरं पैसे. आपल्याकडे पेमेंट बहुतेक नव्वद दिवसांनी येतं, त्यामुळे मालिका संपली तरी पुढचे तीन महिने खात्यात पैसे पडत राहतात आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. खरी रिकामी वेळ चौथ्या महिन्यात सुरू होते. तोपर्यंत मी फ्रिज घेतला होता आणि भावाच्या लग्नात खर्च केला होता. हे तीन महिने येणारे पैसे पगार म्हणून खर्च करू नका, बाजूला ठेवा. टीडीएस कापलेला असतो, तो रिटर्न भरून परत मिळायचा असेल तर तेही वेळेत करा. ज्यांची सरकारी नोकरी आहे आणि रजा घेऊन काम केलंय, आपल्याकडे असे खूप आहेत, त्यांनी पहिल्या मालिकेच्या जोरावर राजीनामा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

छाप कसा बसतो ते आधी समजून घ्या

मला वाटायचं की लोक माझ्याशी वाईट वागताहेत, माझ्या अभिनयावर त्यांचा विश्वास नाही. तसं नसतं. नवीन मालिका ठरते तेव्हा हातात आठवडे असतात. एकेका रोलला प्रॉडक्शन हाऊस चॅनलकडे तीन-चार नावं पाठवतं, चॅनलची माणसं त्यातून एक निवडतात. आणि पहिल्या वीस-तीस सेकंदांच्या प्रोमोत बघणाऱ्याला कळायला हवं की ही बाई कोण. माझा चेहरा दिसला की न सांगता कळतं की ही आग लावणार. म्हणजे त्यांचं अर्धं काम माझ्या जुन्या मालिकेनं आधीच करून ठेवलंय, मग ते माझ्या ऐवजी दुसरी कशाला शोधतील, आणि मला प्रेमळ आईच्या रोलसाठी घेऊन लोकांच्या डोक्यातलं सगळं पुसायचा त्रास कोण घेईल? आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. रोज जेवणाच्या वेळी घरात येणारा माणूस कपटी असेल तर तो कपटीच, त्यात प्रेक्षकाचीही चूक नाही. म्हार्दोळच्या जत्रेत एका आजीनं माझा हात धरून विचारलं होतं, "कित्याक गो त्या सुनेक इतलो त्रास दिता?" आणि तिच्या डोळ्यात खरोखर पाणी होतं.

हे मोठमोठ्यांना झालंय. अरुण गोविल हिंदी सिनेमात हिरो म्हणून काम करत होते, १९८७ साली रामायण आलं आणि त्यानंतर त्यांना राम सोडून दुसरं काही म्हणून बघायला लोक तयारच नव्हते, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. आपले निळू फुले पडद्यावर इतके पाटील आणि सावकार होते की बायका त्यांना बघून खरंच घाबरायच्या. पण त्याच निळूभाऊंनी १९७९ च्या सिंहासनमध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला, खांद्याला झोळी, सगळं बघत फिरणारा, आतून तुटत जाणारा माणूस, आणि तो बघताना पाटील आठवतसुद्धा नाही. दिलीप प्रभावळकर दूरदर्शनवर चिमणराव म्हणून घराघरात पोचले होते, तिथंच थांबले असते तर आयुष्यभर चिमणराव राहिले असते. पण त्यांनी १९९१ साली चौकट राजामधला नंदू केला, २००१ मध्ये श्रीयुत गंगाधर टिपरे मालिकेतले आबा केले, २००६ मध्ये लगे रहो मुन्नाभाईत गांधीजी केले. नाटकात तर एकाच प्रयोगात सहा माणसं केली. मी त्यांच्या कामाकडे बघून एक गोष्ट शिकले. मी दुसरंही करू शकतो असं नुसतं सांगून कुणी पटत नाही, माणूस ते करताना दिसावा लागतो. माझे चौदा महिने सांगण्यात गेले. काम मिळालं ते दाखवल्यावर.

गोव्यातल्यांवर आणखी एक छाप असतो

तो बोलण्याचा. आपल्या मराठीत कोकणीचा हेल येतो, वाक्याचा शेवट वर जातो, स्वर नाकात जातात. आपल्याला तो ऐकू येत नाही पण ऑडिशन घेणाऱ्याला पहिल्या वाक्यात येतो. मग ते तुम्हाला मासेवाली, हॉटेलवाला, शॅकमध्ये पिऊन पडलेला माणूस, नाहीतर मालवणी गडी असंच बघायला लागतात. २०१६ मध्ये सावंतवाडीजवळ आकेरीला शूट झालेली रात्रीस खेळ चाले आली आणि किनाऱ्यावरची बोली टीव्हीवर चालते हे सगळ्यांना कळलं. ते चांगलंच झालं, आमच्या भागातल्या कितीतरी जणांना त्यामुळे विचारणा व्हायला लागली, पण विचारणा बोलीपुरतीच.

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचा, रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकणं टाळू नका, तिथंच काम होतं. मी चार महिने केलं. हेल घालवून टाकायचा नाहीये, तो आपल्या हातात आला पाहिजे, हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. आणि मालवणी, गोव्याची कोकणी आणि प्रमाण मराठी ही तीन वेगळी कौशल्यं म्हणून आपल्या माहितीत लिहा. मालवणी येत नसेल तर येते म्हणून सांगू नका. पेडण्याच्या माणसाला जमून जाते, पण काणकोणच्या किंवा सासष्टीच्या माणसाला वेगळी शिकावी लागते आणि कुडाळचा लेखक दोन वाक्यांत ओळखतो.

पहिल्या महिन्यात चेहरा बदला

मालिका चालू असताना कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पात्र प्रत्येक सीनमध्ये सारखं दिसावं म्हणून, केस कापता येत नाहीत, दाढी काढता येत नाही. संपल्या संपल्या ते करा. ठसठशीत टिकली, नथ, काठपदराच्या साड्या हे सगळं माझ्या इन्स्टाग्रामवर मालिका संपल्यावरही तसंच होतं, बायोमध्येही पात्राचं नाव. म्हणजे कुणी मला शोधत आलं तर त्याला आत्याच भेटत होती. पात्राचं नाव काढा, आपलं नाव लिहा. जुने फोटो पुसायची गरज नाही, पण वरचे नऊ-दहा फोटो तुमचे पाहिजेत.

फोटोसाठी तीस-चाळीस हजारांचा पोर्टफोलिओ अजिबात नको. साधी भिंत, सकाळचा उजेड, फिल्टर नाही, मेकअप जवळजवळ नाही. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, उभं राहून पूर्ण एक. मग दोन कपडे बदलून, एक शहरी नोकरी करणारी, एक साध्या घरातली. झालं. हे बाकी पटकन उरकता येतं, यात आठवडे घालवू नका.

कुठल्या कामाला हो म्हणायचं

हा सगळ्यात अवघड भाग, आणि याचं एकच उत्तर मी देऊ शकत नाही कारण प्रत्येकाच्या घरचं वेगळं असतं. पहिल्या दोन महिन्यांत तसाच रोल बहुतेक नक्की येतो आणि त्याचे पैसे पहिल्यापेक्षा जास्त असतात. घरात एकटे कमावणारे तुम्ही असाल, कर्ज असेल, तर घ्या, मनात काही ठेवू नका. पण घेताना काही गोष्टी मागून बघा. कॅमिओ म्हणून घ्या, तीस दिवसांचा, ज्याला शेवट आहे. किंवा वय बदलून मागा. किंवा घर बदलून, वाड्यातली नको, झोपडपट्टीतली द्या, ऑफिसमधली द्या. माझा स्वतःचा नियम मी नंतर केला, एकासारखा एक सलग दोन वेळा नाही. कारण पहिल्यांदा योगायोग वाटतो, दुसऱ्यांदा केलंत की तुमच्या नावापुढे तो शब्द कायमचा लिहिला जातो.

आणि एकदम उलट्या टोकाला उडी मारायची घाई करू नका. मी तीच केली. कपटी आत्यानंतर मला सोशिक आई हवी होती, त्यासाठी मी दहा-बारा ऑडिशन दिल्या आणि प्रत्येक ठिकाणी, ताई छान केलंत, कळवतो. आता कळतं की मधल्या पायऱ्या असतात. कपटी बाई, मग खडूस पण मनानं चांगली बाई, मग विनोदी खडूस, मग आई. खडूस हेडमास्तरीण, कडक नर्स, भांडखोर शेजारीण जिच्या पोटात माया आहे, हे रोल शोधा. तिथं तुमचा जुना छाप अर्धा उपयोगी पडतो, त्यामुळे चॅनलला भीती वाटत नाही, आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्हाला नवीन दाखवता येतं. गोड नायिका केलेल्यांसाठी दुसरा रस्ताही आहे, थोडा वेळ स्वतः म्हणून दिसायचा. प्राजक्ता माळी जुळून येती रेशीमगाठीमध्ये सोज्वळ सून होती, नंतर हास्यजत्रेची सूत्रसंचालक म्हणून ती स्वतः कशी हसते, कशी बोलते हे लोकांनी बघितलं, मग चेहरा एका पात्रात अडकून राहत नाही.

आपली रंगभूमी, इथंच वाट सापडते

याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण मुंबई-पुण्याच्या मुलांकडे जे नाही ते आपल्याकडे आहे. आपल्याकडे गावागावात नाटक होतं. जत्रेचं नाटक, गणपतीतलं, काल्याचं, शिवाय कला अकादमीची नाट्यस्पर्धा, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचड्याची रवींद्र भवनं. तिकडचे मित्र सांगतात की तालमीला जागा मिळवण्यातच त्यांचा जीव जातो. इथं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, रात्री आठनंतर पंखा लावून तालीम करता येते आणि गावचा कुणीतरी चहा पाठवतो. मालिका करून आलेले बरेच जण पुन्हा हौशी नाटकात उभं राहायला लाजतात, लोक म्हणतील काम नाही म्हणून परत आली. मीही अकरा महिने लाजले. ही लाज सोडा, हात जोडून सांगते.

अकराव्या महिन्यात आमच्या जुन्या ग्रुपनं स्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं आणि त्यात एक रोल होता, देवळात झाडलोट करणारी म्हातारी, पूर्ण नाटकात नऊ वाक्यं. मी मागून घेतला. पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शकानं, ते माझ्यापेक्षा वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, तालीम थांबवली आणि म्हणाले, "बाय, तुझी डावी भुवई खाली ठेव." मला कळलंच नाही. मोबाईलवर शूट करून दाखवलं तर खरंच, दुसरा कुणी बोलला की माझी भुवई आपोआप वर जात होती. साडेतीन वर्षं प्रत्येक सीनच्या शेवटी कॅमेरा तीन वेळा माझ्या चेहऱ्यावर यायचा आणि मी ती भुवई वर करायची, ती हाडात गेली होती. म्हणजे सोशिक आईच्या ऑडिशनला मी तोंडानं आई बोलत होते आणि भुवई आत्याचीच होती. मामांनी मला पंधरा दिवस प्रेक्षकांकडे पाठ करून तालीम करायला लावली, हातात केरसुणी, चेहरा कुणालाच दिसत नाही, जे काय करायचं ते पाठीनं आणि पायानं. त्या पंधरा दिवसांत मी जे शिकले ते मला कुठल्या वर्कशॉपनं दिलं नसतं.

म्हणून नाटकात परत जा, पण लीड मागू नका. तुमच्या मालिकेतल्या माणसापासून जितका लांब जाईल तितका लांबचा छोटा रोल मागा. आणि प्रयोगाचं शूटिंग करा. एक मोबाईल तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधोमध स्टँडवर, दुसरा तुमच्या जवळच्या विंगेतून, आवाजासाठी साऊंडवाल्याकडून वेगळी फाईल मागून घ्या, नाहीतर खुर्च्यांचा आवाज आणि लहान मुलांचं रडणंच ऐकू येतं. ग्रुपची आणि नाटककाराची परवानगी घ्या, अख्खं नाटक कुठे टाकू नका. त्यातून तुमची तीन मिनिटं कापा. माझी ती तीन मिनिटांची क्लिप मी सोळा जणांना पाठवली. चौघांनी उत्तर दिलं. एकीनं विचारलं, यात तुम्ही कुठे आहात? ती नर्सच्या रोलचं कास्टिंग करत होती, आणि तो रोल मला मिळाला.

ज्यांचं वय लहान आहे आणि शिकायला वेळ देणं परवडतं त्यांनी कला अकादमीच्या नाट्य महाविद्यालयाची चौकशी करावी. आणि सत्तरी, पेडण्याच्या मुलांनो, दशावतार आणि रणमाले या आपल्या लोकनाट्यांत जे अंगात मुरलंय ते फालतू समजू नका. संहिता हातात नसताना समोरच्याला सांभाळून सीन पुढं नेणं हे डेली सोपमध्ये सोन्यासारखं आहे, तिथं कागद कधीकधी मेकअप चालू असताना हातात येतो.

घरून ऑडिशन

आता पहिली ऑडिशन बहुतेक मोबाईलवर करून पाठवायची असते, हा आपल्यासाठी फायदाच. मोबाईल आडवा, डोळ्याच्या उंचीवर, मागं साधी भिंत, उजेड तोंडावर. सुरुवातीला नाव, उंची, वय, कुठं राहता, कुठल्या तारखा मोकळ्या, मग दोन्ही बाजूंचे चेहरे, हात पुढं-मागं, मग सीन. गोव्यात राहते हे लपवू नका, पण लगेच पुढं सांगा की कळवल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचेन. मी सुरुवातीला ठाण्यात आहे असं खोटं सांगितलं होतं, आणि संध्याकाळी चारला लूक टेस्टला बोलावल्यावर तो रोल गेला.

आवाजाचं सांभाळा. पंखा बंद. पावसात कौलावर किंवा पत्र्यावर पाणी पडत असेल तर काहीच ऐकू येत नाही, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू येतो, संध्याकाळी आरती आणि घंटा. दुपारी दोन ते चार, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असतं, ती वेळ उत्तम. समोरचे डायलॉग वाचायला माणूस लागतो, घरात कुणी नसेल तर ग्रुपमधल्या कुणाला फोनवर घ्या.

दोन टेक पाठवा. एक त्यांनी सांगितल्यासारखा, दुसरा तुम्हाला वाटतो तसा. ज्यांच्यावर छाप आहे त्यांच्यासाठी दुसरा टेक फार महत्त्वाचा, कारण पहिला बघताना त्यांच्या डोक्यात तुमचं जुनं पात्र असतं.

मुंबईला कधी, कशी

सगळं सोडून तिथं राहायला जायचं का? पहिल्या वर्षी नको असं माझं मत. कोकण कन्या संध्याकाळी मडगावहून निघते, थिवीला थांबते, पहाटे ठाण्याला उतरता येतं, आणि घोडबंदर, मिरारोड, मढ, फिल्मसिटी ही सगळी सेटची ठिकाणं तिथून गाठता येतात. महिन्यातून एकदा तीन-चार दिवस जा आणि सगळ्या भेटी त्यात बसवा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात, त्यामुळे त्या दिवसांत सकाळी आठची मीटिंग पहाटेच्या गाडीवर अवलंबून ठेवू नका, एक दिवस आधी पोचा.

भेटायचं कुणाला, तर फक्त कास्टिंगवाल्यांना नाही. जुन्या सेटवरचे एपिसोड दिग्दर्शक, असिस्टंट, मेकअप दादा, हेअरच्या ताई, ही माणसं एका मालिकेतून दुसऱ्या मालिकेत जातात आणि नवीन काय सुरू होतंय ते त्यांना आधी कळतं. मला नर्सचं कास्टिंग चालू आहे हे आमच्या हेअरच्या ताईंनी सांगितलं होतं. सेटवर असताना या लोकांशी नीट वागला असाल तरच हे होतं. आणि मेसेज करताना, काही काम असेल तर सांगा, असं लिहू नका, त्याला काय उत्तर देणार कुणी? नवीन फोटो, नवीन क्लिप, नवीन काहीतरी असेल तेव्हा लिहा. महिन्यातून एकदा पुरे.

नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्या दारात येतो, २००४ पासून. पणजीत चार दिवस काढा, सिनेमे बघा, इथल्या शूटिंगची व्यवस्था बघणारे लाईन प्रोड्यूसर तिथं भेटतात. गोव्यात येणाऱ्या युनिटना स्थानिक कलाकार लागतातच. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा कितीतरी मालिका इथं आल्या होत्या, मे महिन्यात इथलीही परवानगी रद्द झाली आणि सगळे गेले, पण त्या थोड्या दिवसांत ज्यांनी ओळखी केल्या त्यांना नंतर फोन आले.

फसवणूक

छोटं पण महत्त्वाचं. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, कार्ड, वर्कशॉप घेतलं तरच रोल, चॅनलला द्यायला म्हणून, कशालाही नाही. मालिका संपलेला माणूस घाबरलेला असतो हे या लोकांना माहीत असतं. माझ्याकडून एका माणसानं मोठ्या बॅनरचं नाव सांगून अठरा हजार घेतले, असं कुठलं कास्टिंग चालूच नव्हतं. आता मी काय करते, प्रॉडक्शन हाऊसमध्ये ओळखीच्या कुणालातरी एक फोन करते, की तुमच्याकडे हा रोल खरंच चालू आहे का. दोन मिनिटं लागतात. हॉटेलच्या खोलीत ऑडिशन म्हटलं तर जाऊ नका, जावंच लागलं तर घरचं कुणीतरी बरोबर न्या, यात लाजायचं काही नाही. सिंटाचं, म्हणजे कलाकारांच्या संघटनेचं, सदस्यत्व घ्या, पैसे अडकले तर तक्रार न्यायला एक जागा असते.

मधले दिवस

काम नसताना डबिंग करा, मुलांची नाट्यशिबिरं घ्या, निवेदन करा. निवेदनाचं गोव्यात खूप काम आहे आणि आपलं मराठी त्यानं घासून निघतं. दर आठवड्याला एक दिवस ठरवून नवीन सीन शूट करा, कुणाला पाठवायचा नसला तरी. आणि घरच्यांना एकदा बसून समजावून सांगा की हे असंच असतं, पाच-सहा महिने काहीच नाही असं होतं. माझ्या आईला वाटत होतं की माझं कुणाशी तरी भांडण झालंय म्हणून काम येत नाही, हे मला तेरा महिन्यांनी कळलं.

नवीन रोल मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस

हे पंधरा दिवस तुमचे, त्यानंतर रोजच्या धावपळीत काही बदलता येत नाही. लूक टेस्टला गप्प बसू नका, तुमच्या जुन्या पात्राची एकही गोष्ट नवीन अंगावर येऊ देऊ नका. मला पुन्हा मोठी टिकली लावायला निघाले होते, मी हात जोडून छोटी मागितली आणि चष्मा मागितला, चष्म्यामागं भुवई कमी दिसते. आत्या ताठ चालायची, तर नर्ससाठी मी जड, टाच घासत चालणारे पाय घेतले, पेशंट उचलून उचलून कंबर गेलेली बाई. आणि पहिल्या दिवशी दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवलं की सर, माझी भुवई वर गेली तर कट करा, कितीही वेळा झालं तरी चालेल. पहिल्या दिवशी अकरा वेळा कट झालं. दुसऱ्या दिवशी चार.